‘ऑलमोस्ट’ची दुरुस्ती

आयुष्याची वीस वर्षं मला लोकांनी ‘चीफ’ म्हटलं, कारण मी जहाजावर चीफ इंजिनिअर होतो. निवृत्त होऊन बेडोकच्या फ्लॅटमध्ये कायमचा राहायला आलो आणि एका दिवसात ‘अंकल’ झालो. सिंगापुरात अंकल हा शब्द टॅक्सीवाल्यापासून कॉफीवाल्यापर्यंत कुणालाही लावतात, त्यामुळे त्यात मानाचा भाग फारसा नाही. अशात वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी एक पत्र आलं. पाकिटावर छापलेलं होतं : ‘श्री. व श्रीमती शामकांत मायदेव, खाजगी संग्राहक.’

मी ते जयवंतीला वाचून दाखवलं. ती कोथिंबीर निवडत होती.

“संग्राहक म्हणजे?”

“कलेक्टर.”

“कुठल्या जिल्ह्याचे?”

“जिल्ह्याचे नाही, कलेचे.”

“आपल्याकडे कसली आलीय कला?” असं म्हणून तिनं घरभर नजर फिरवली. नजर टीव्हीवरून गेली, कॅलेंडरवरून गेली आणि बाल्कनीच्या दाराशी ठेवलेल्या यंत्रावर थांबली. “ते? अहो, त्याच्यावर मी टॉवेल वाळत घालते.”

ते यंत्र म्हणजे कमरेइतकी उंच लोखंडी पेटी. पेटीवर जहाजावरची जुनी घंटा टांगलेली, आणि घंटेच्या समोर कोपरापासून बोटांपर्यंत एक पितळी हात. हाताच्या मुठीत छोटा हातोडा. बटण दाबलं की हात उठतो आणि घंटेकडे जातो. हे यंत्र मला पंचवीस वर्षांपूर्वी मिळालं. आमचं जहाज इंग्लंडच्या उत्तरेला टाइन नदीवर दुरुस्तीसाठी ड्रायडॉकमध्ये होतं, आणि तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आयलीन रज नावाची बाई भंगारातून अशा वस्तू बनवत असे. बाई कामाची होती. वेल्डिंग स्वतः करायची, सिगारेट न विझवता. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी डोकावलो, तर तिच्या या हातात मला एक ठळक बिघाड दिसला. हात घंटेपर्यंत जायचा, थरथरायचा, आणि अगदी केसभर अंतरावरून परत यायचा. घंटा वाजायचीच नाही. मी न जेवता ती सगळी सुट्टी तिथेच उभा राहिलो. जहाज सुटायच्या दिवशी बाईनं ते यंत्र मला देऊन टाकलं. मीही तिला भंगारात निघालेला एक गिअरबॉक्स आणि हापूसच्या रसाचे चार डबे दिले.

पेटीवर एक पितळी पट्टी होती आणि त्यावर कोरलं होतं ‘ऑलमोस्ट’. म्हणजे जवळजवळ. मला वाटलं, काम जवळजवळ झालंय, थोडं राहिलंय, असं बाई प्रामाणिकपणे लिहून देतेय. आमच्याकडेही अर्धवट कामावर अशी चिठ्ठी लावायची पद्धत होती.

म्हणून पंधरा वर्षांपूर्वी एका लांब रजेत मी ते राहिलेलं काम पूर्ण केलं. आतला कॅम काढून टाकला. कॅम म्हणजे वेड्यावाकड्या कडेची चकती. ती फिरली की तिच्या कडेवर टेकलेली दांडी वरखाली होते आणि दांडीमुळे हात हलतो. बाईनं केलेली चकती पाहून मला वाईटच वाटलं. हातानं कानशीनं घासलेली, कुठे खड्डा, कुठे उंचवटा. आमच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ पोरानं असं काम केलं असतं तर मी त्याला बोटीवरून उतरवला असता. जुरोंगच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर मी नवीन गुळगुळीत कॅम कातून घेतला, बेअरिंग घातली आणि बटण दाबलं. ठण्ण! एकदाही चुकलं नाही. मग मी त्याला टायमरही जोडला, रोज दुपारी साडेचारचा.

आता गॅलरीच्या पत्राकडे येतो. ही इथली एक सार्वजनिक गॅलरी आहे, नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष नव्हता आणि माझाही नव्हता असं माझं मत आहे. त्यांना समकालीन ब्रिटिश शिल्पकारांचं दालन उघडायचं होतं. आयलीन रज या काळात नावाजलेली कलावंत झाली होती, ही बातमी आमच्या घरी पोचलेलीच नव्हती. आमच्या मुलीनं, तन्वीनं, गॅलरीचं आवाहन पाहून टॉवेल काढून यंत्राचा फोटो पाठवला होता. सोबतच्या फॉर्मवर दोन चौकटी होत्या : ‘काही काळासाठी देणे’ आणि ‘दान’. मी ‘दान’वर खूण केली. ती चौकट जास्त भारदस्त दिसत होती.

“डॅडी, यू शुअर?” तन्वीनं फोनवर विचारलं. “वन्स गिव्हन कॅनॉट टेक बॅक, हां.”

“दान दिलेलं परत कोण मागतं?” मी म्हणालो. हे वाक्य मी दीड महिन्यात गिळणार होतो.

बातमी ब्लॉकभर गेली आणि सल्ले येऊ लागले. पहिले आले वरच्या मजल्यावरचे हेमचंद्र दाभाडे. हे बँकेत नियमपालन खात्यात होते. निवृत्त झाले तरी खातं त्यांच्यातून गेलेलं नाही, आणि शिवाय ते आमच्या पूर्वकिनारा मराठी मित्रमंडळाचे चिटणीस आहेत. त्यांनी पत्र चष्म्यातून, मग चष्म्यावरून वाचलं.

“मायदेव, एका वस्तूला संग्रह म्हणतात का?”

“सुरुवात एकापासूनच होते.”

“पण तुमचा शेवटही एकावरच होतोय. बरं, पाटीवर काय घालणार? आईवडिलांचं नाव घाला. स्मरणार्थ. आणि गाव घाला. देवळाच्या पायरीवर लिहितात तसं. मुक्काम पोस्ट, तालुका, सगळं.”

दुसरा सल्ला शेजारच्या मिस्टर गोह यांचा. हे गृहस्थ एकटे राहतात. गेली कित्येक वर्षं आमची साडेचारची घंटा वाजली की ते रक्तदाबाची गोळी घेतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. “चीफ, घंटा गेली तर मी काय करू?” हे विचारून झाल्यावर त्यांनी उदार मनानं पितळ घासायच्या पॉलिशचा डबा आणून दिला. सरकारी ठिकाणी जायचंय, चकचकीत जायला हवं. आम्ही दोघांनी दोन दिवस बसून तो हात घासला. पंचवीस वर्षांचा काळपटपणा निघाला आणि हात देव्हाऱ्यातल्या ताम्हनासारखा लखलखू लागला. जयवंतीनंसुद्धा त्याच्यावर टॉवेल घालणं बंद केलं.

फॉर्म अकरा पानी होता. ‘वस्तू आपणाकडे कशी आली?’ या प्रश्नाला मी गिअरबॉक्स आणि हापूसचा रस असं खरं उत्तर लिहिलं. ‘वस्तूची कधी दुरुस्ती झाली आहे काय?’ या प्रश्नाला दोनच ओळींची जागा होती. ती मला अपमानास्पद वाटली. मी वेगळा कागद जोडला, आकृतीसह. मथळा दिला : ‘संपूर्ण ओव्हरहॉल. मूळ दोष कायमचा दूर केला आहे.’ खाली सही, आणि सहीखाली ‘चीफ इंजिनिअर (निवृत्त)’.

आठवड्याभरात गॅलरीच्या मिस क्वेक घरी आल्या. तिशीतली, अतिशय नम्र मुलगी. कलाकृतींची निगा राखणं हे तिचं काम. सोबत दोन माणसं आणि हातमोज्यांची पेटी. पितळी हात पाहून ती क्षणभर दारातच थांबली.

“तुम्ही याला पॉलिश केलंत?”

“दोन दिवस लागले,” मी म्हणालो.

“हं,” ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं.

मग मी तिला बाजूला उभं केलं आणि बटण दाबलं. ठण्ण! बाहेरच्या कॉरिडॉरमधून मिस्टर गोह यांचा आवाज आला, “अजून साडेचार नाही झाले, चीफ!”

मिस क्वेक हलली नाही. “पुन्हा दाबाल?”

ठण्ण!

“मिस्टर मायदेव,” ती हळूच म्हणाली, “हे वाजतंय.”

“वाजणारच. पंधरा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.”

तिनं टॅबलेट काढला आणि एक जुना व्हिडिओ लावला. तेच यंत्र, आयलीनबाईच्या शेडमध्ये, भोवती आठदहा माणसं. हात उठला, घंटेकडे गेला, थरथरला. माणसांनी श्वास रोखला. हात परत आला. माणसं एका सुरात कण्हली. कुणीतरी हसलं. पुन्हा बटण दाबलं गेलं, पुन्हा सगळे वाकले, पुन्हा तेच.

“हे शिल्प आहे,” मिस क्वेक म्हणाली. “ते न वाजणं.”

मी त्या पितळी पट्टीकडे पाहिलं. ती पट्टी इतकी वर्षं माझ्यासमोर होती, आणि मी तिला कामाची चिठ्ठी समजत होतो. जयवंतीनं चहाचे कप आणून ठेवले आणि माझ्याकडे न बघता आत गेली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्यावर केलेली ही सर्वात मोठी मेहेरबानी.

मिस क्वेक फार चांगली. ती म्हणाली, कलावंताला विचारून पाहू, कधीकधी कलावंतांना असे बदल आवडतात. तिनं आयलीनबाईंना ईमेल केलं. मी चार दिवस मनात आशा धरून होतो. मला वाटत होतं, बाई लिहील, वा चीफ, जे मला जमलं नाही ते तुम्ही केलंत. पाचव्या दिवशी उत्तर आलं. बाई आता ऐंशीच्या घरात होती.

‘प्रिय चीफ,’ तिनं लिहिलं होतं, ‘तुम्ही जिवंत आहात हे वाचून आनंद झाला. आंबा अजून आठवतो. ती चकती घासायला मला अकरा आठवडे लागले होते. माझ्या हातून त्याहून चांगलं काही झालं नाही. मी ते तुम्हाला दिलं, कारण गोदीतली सगळी माणसं दोन मिनिटं हसून निघून जात, आणि तुम्ही एकटेच जेवण सोडून तासभर त्याच्यासमोर उभे राहिलात. कृपा करून ते पुन्हा पहिल्यासारखं करा.’

मी पत्र दोनदा वाचलं. मग बाल्कनीत जाऊन समोरच्या ब्लॉककडे बघत बसलो. जयवंतीनं ते पत्र माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि विचारलं, “तुम्ही तासभर काय करत होतात तिथे?”

“बिघाड शोधत होतो.”

“हे तिला कळवू नका,” ती म्हणाली.

आता बिघडवणं म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं होतं. उभ्या आयुष्यात मी एकही यंत्र मुद्दाम बिघडवलेलं नाही, पण ज्याला बरं करता येतं त्याला बिघडवता येणारच. मी प्रथम घंटा थोडी मागे सरकवली. हात आला, दोन इंचांवर थांबला, गेला. दर वेळी बरोबर दोन इंच. पाहणाऱ्याला काही म्हणजे काही वाटेना. जयवंती म्हणाली, “हा सलाम करून जातोय.” मग मी कानस घेऊन नवा कॅम घासला. घंटा वाजली. आणखी घासला. हात अर्ध्यातूनच परतला. मुलाखतीला जाऊन दारातूनच फिरावं तसा. आणखी दोन कॅम कातून आणले आणि तेही वाया घालवले. मिस्टर गोह खुर्ची आणून बसत. “चीफ, जरासं पुढे. नो, नो, टू मच. जरासं मागे.” तीन आठवडे गेले. डायनिंग टेबलवर लोखंडाचा कीस, आणि आम्ही जेवायचो मांडीवर ताट घेऊन.

मग लक्षात आलं, की मूळ कॅम हवा. इंजिनिअर काहीही टाकत नाही. मी कॅम टाकला नव्हता, हे नक्की. कुठे ठेवला होता, हे आठवायला मात्र दोन दिवस लागले.

मी तो मंडळाच्या उंदराला बसवला होता.

आमच्या मंडळाच्या गणपतीपुढे एक मोठा फायबरचा उंदीर असतो. तेरा वर्षांपूर्वी हेमचंद्रांनी मला त्याची मान हलती करायला सांगितली. हाताशी तो वेडावाकडा कॅम पडलेला होता, तो मी आत घातला. उंदीर मान पुढे करतो, समोरच्या मोदकापर्यंत तोंड नेतो, मिश्या थरथरतात, आणि मोदकाला न शिवता मान मागे घेतो. लोकांना ते फार आवडलं. मला वाटलं, देवापुढे लोकांना सगळंच आवडतं.

हा उंदीर वर्षाचे अकरा महिने हेमचंद्रांच्या बॉम्ब शेल्टरमध्ये राहतो. बॉम्ब पडले तर लपायला इथल्या फ्लॅटमध्ये पोलादी दाराची एक खोली असते. बाकीचे लोक तिच्यात सूटकेस ठेवतात, हेमचंद्र मंडळ ठेवतात. मी वर गेलो आणि उंदराच्या पोटातला भाग मागितला.

“अर्ज द्या,” हेमचंद्र म्हणाले.

“अहो, मीच दिला होता तो!”

“दिलात ना? मग आता ती मंडळाची मालमत्ता. दान दिलेलं परत मागता येत नाही, मायदेव. तुम्ही आता संग्राहक, हे तुम्हाला मी सांगायचं का?”

मी अर्ज दिला. अर्जाला क्रमांक मिळाला. गॅलरीचा फॉर्म अकरा पानी होता, हा एकच पानाचा होता, पण त्यावर पाच जणांच्या सह्या लागत होत्या. शेवटी रविवारी सकाळी हेमचंद्रांच्या हॉलमध्ये कार्यकारिणीची बैठक बसली. पोहे झाले. मिस क्वेकलाही मी बोलावलं होतं. ती चटईवर पाय एका बाजूला घेऊन बसली आणि उंदराकडे बघत राहिली. हेमचंद्रांनी स्विच लावला. उंदरानं मान पुढे केली, थरथरला, मागे गेला. पुन्हा पुढे, पुन्हा अगदी जवळ, पुन्हा मागे.

“ओह माय गॉड,” मिस क्वेक म्हणाली. “इट्स हिअर.”

मी मांडणी केली. जुना कॅम मंडळानं द्यावा, बदल्यात मी पुन्हा कातून आणलेला, गुळगुळीत, गॅरंटीचा नवा कॅम घ्यावा. प्रात्यक्षिक म्हणून तो बसवून दाखवला. स्विच लावला. उंदीर पुढे आला आणि त्यानं थाडकन मोदकाला धडक दिली. मोदक उडाला, टीपॉयवरून घरंगळला आणि सोफ्याखाली गेला.

शैलाताई उभ्या राहिल्या. या आमच्या मुलांच्या मराठी वर्गाच्या बाई. त्यांच्यापुढे हेमचंद्रही आवाज चढवत नाहीत.

“मला हे मान्य नाही,” त्या म्हणाल्या. “दर वर्षी मी मुलांना त्या उंदरापुढे बसवते. सांगते, बघा, बाप्पाचं होईपर्यंत तो तोंड लावत नाही. मोह होतो त्याला, पण आवरतो. इथल्या मुलांना मी आणखी कशातून सांगू हे? आता काय सांगू? आपटून खातो म्हणून?”

खरं सांगतो, शैलाताई त्या उंदराबद्दल जे बोलल्या, ते मी तेरा वर्षांत पाहिलेलं नव्हतं. चकती एकच होती. एकदा आयलीनबाईच्या शेडमध्ये, एकदा गणपतीपुढे, दोन्ही ठिकाणी लोकांना तिच्यात काहीतरी दिसलं होतं, आणि दोन्ही वेळा मी पान्हा घेऊन उभा होतो.

हेमचंद्र मतदान घेणार, इतक्यात पोह्यांच्या डिशा गोळा करता करता जयवंती थांबली.

“शैलाताई, एक विचारू? तेरा वर्षं झाली त्याला. एकदा तरी खाऊ दे की बिचाऱ्याला.”

पहिल्यांदा हसल्या त्या शैलाताईच. मग सगळे हसले. कुणीतरी सोफ्याखालून मोदक काढला. ठराव मंजूर झाला, दोन अटींवर. पहिली, मोदक फेव्हिकॉलनं चिकटवावा. दुसरी हेमचंद्रांची : गॅलरीनं मंडळाच्या नावे पोचपावती द्यावी. मिस क्वेकनं तिथेच वहीचा कागद फाडून ती लिहिली, ‘उंदराच्या उदरातून प्राप्त एक चकती’, आणि सही केली. शैलाताई म्हणाल्या, या वर्षी त्या मुलांना प्रसाद कसा घ्यावा हे शिकवतील.

घरी येऊन मी तो कॅम हातात घेतला आणि प्रथमच नीट पाहिला. बटण एकदा दाबलं की तो पूर्ण फेरी करत नसे, थोडासाच सरकत असे. म्हणजे दर वेळी कडेचा नवा भाग दांडीखाली यायचा. मी मोजलं. सतरा वेळा दाबल्यावर पहिली जागा परत येत होती. सतरा वेगवेगळे प्रयत्न. कधी हात ऐटीत जायचा, कधी घाबरत, कधी अर्ध्यात विचार बदलल्यासारखा थांबून पुन्हा निघायचा. मी बारीक फट मोजायचा फीलर गेज काढला आणि प्रत्येक वेळचं हातोडा आणि घंटा यांमधलं अंतर मोजलं. ते भरलं कागदाच्या जाडीइतकं. सतराच्या सतरा वेळा. कानशीनं, हातानं. मी चाळीस वर्षं यंत्रांत काढली, आणि मला ते लेथवर जमलं नसतं.

मी आयलीनबाईंना लिहिलं, की चकती बसवली आहे, आणि असं काम मी पाहिलेलं नाही. बिघाडाबद्दल लिहिलं नाही. जयवंतीनं पत्र पाठवण्यापूर्वी तपासलं होतं.

यंत्र गेलं. लखलखीत हात मिस क्वेकनं तसाच ठेवला, तोही आता काळाचा भाग आहे म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की तिनं ते स्वतःचीच समजूत घालायला म्हटलं असावं. पाटी लागली : ‘श्री. व श्रीमती मायदेव यांची देणगी’. गाव नव्हतं, तालुका नव्हता. हेमचंद्रांनी फोटो पाहून पाठ फिरवली. मिस्टर गोह यांची गोळी दोनदा चुकली, म्हणून आता साडेचारला मीच त्यांच्या दाराची जाळी वाजवतो. मग ते खाली कॉफी पाजतात, आणि मला घरी यायला सहा वाजतात.

दालन उघडून दहा दिवस झाले असतील. दुपारी मिस क्वेकचा फोन आला, एरवी इतकी शांत मुलगी, आज धापा टाकत होती. ती कामासाठी शहराबाहेर होती. दालनात बऱ्याच लोकांनी तक्रारवहीत लिहिलं होतं, की यंत्र बंद आहे, घंटा वाजत नाही. खालच्या काउंटरनं इमारतीच्या देखभालवाल्याला बोलावलं होतं, आणि तो हत्यारं घेऊन वर निघाला होता. “तुम्ही जाऊ शकाल?”

मी चपला घालून निघालो. एमआरटी मेट्रोत उभ्यानं गेलो, बसायला जागा असूनही. दालनात पोचलो तेव्हा पेटीचं मागचं झाकण उघडं होतं. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान एक माणूस गुडघ्यांवर बसून आत टॉर्च मारत होता. बाजूला पान्ह्यांची पिशवी. आठ नंबरचा पान्हा त्यानं काढलेलाच होता. मी असतो तर तोच काढला असता.

“थांबा,” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानं वर पाहिलं. “अंकल, स्पॉइल्ट लाह. सी, द कॅम सो अग्ली. जस्ट अ बिट ओन्ली. टू मिनिट्स, आय फिक्स.”

“मला माहीत आहे. दोनच मिनिटांचं काम आहे,” मी म्हणालो. “पण आधी एकदा पुढून बघून घ्या.”

तो गुडघे झाडत उठला, पुढे आला आणि बटण दाबलं. हात उठला. मी त्याच्याकडेच बघत होतो. हात घंटेजवळ जाऊ लागला, तसा तो पुढे झुकला. हात थरथरला. याचं तोंड थोडं उघडलं. हात परत गेला.

“आय्याह!” तो म्हणाला. त्यानं पुन्हा दाबलं. या वेळी हात ऐटीत निघाला. त्यानं पान्हा घट्ट धरला. हात थांबला, परतला. तो जोरात हसला आणि मग हसलोय हे लक्षात येऊन इकडेतिकडे पाहू लागला.

“सो क्लोज!”

“कागदाइतकं,” मी म्हणालो.

मागून दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यानं त्यांना जागा करून दिली, पण बटण सोडलं नाही.

“वन मोर टाइम,” तो म्हणाला. पान्हा त्यानं न बघताच माझ्या हातात दिला. “धिस टाइम शुअर.”